सिंहपुरातील नऊ तास

प्रवासात एक वाहन सोडून दुसरे मिळेपर्यंतचा वेळ कसा घालवावा, हा प्रश्न विमानांहून पुष्कळ जुना आहे. आमच्या लहानपणी पंढरपूरचा यात्रेकरू कुर्डुवाडीस मोठ्या गाडीतून उतरे आणि अरुंद रुळांवरच्या बार्शी लाइटच्या चिमुकल्या गाडीची वाट पाहत बसे. तेवढ्या अवकाशात कोणी फलाटावरच पथारी पसरी, कोणी नळावर स्नान उरकून संध्या करी, आणि एखादा उत्साही गृहस्थ ‘जरा गावात जाऊन येतो’ म्हणून चालू लागे. हा गृहस्थ बहुधा वेळेवर परत येई. परंतु तो येईपर्यंत ट्रंकेवर बसलेल्या त्याच्या कुटुंबाचा जीव थाऱ्यावर नसे. विमानतळावरही मनुष्यस्वभाव तोच आहे. फरक इतकाच की, येथे गाडी चुकली तर उद्याची गाडी त्याच भाड्यात मिळत नाही, आणि स्टेशनाबाहेरच्या गावात जाण्यास एका परक्या सरकारची अनुज्ञा लागते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हल्ली एक मुलगा कॅनडात, एक कन्या ऑस्ट्रेलियात, अशी स्थिती आहे. आईबापांस कधी ना कधी तिकडे जावे लागते, आणि तिकीट किफायतशीर पडावे म्हणून मध्येच एखाद्या विमानतळावर आठ-दहा तासांचा मुक्काम पदरी येतो. अशा वेळी घरातूनच दोन प्रकारचे उपदेश मिळतात. थोरला मुलगा म्हणतो, ‘एवढा वेळ आहे, शहर पाहून या.’ धाकटा म्हणतो, ‘बाकावरून हलू नका.’ दोघेही प्रेमापोटीच बोलतात, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे ठरविणे अधिकच कठीण होते.

गेल्या फाल्गुनात आम्हां उभयतांस धाकट्या कन्येच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला जावे लागले. व्हिसा हाती पडण्यास विलंब झाल्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेली तारीख अवघ्या पाच दिवसांवर आली असता आम्ही निघालो. मुंबईहून रात्री पावणेतीनच्या सुमारास सुटलेले विमान सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तेथील घड्याळाप्रमाणे सकाळी पावणेअकराच्या आत उतरले. तेथील वेळ आपल्यापेक्षा अडीच तासांनी पुढे असते. मेलबर्नचे विमान सायंकाळी सातवाजून पन्नास मिनिटांनी होते. म्हणजे मध्ये नऊ तास आणि वर थोडी मिनिटे. या नऊ तासांचे काय करावे, यावर आमच्या घरी निघण्यापूर्वी महिनाभर खल झाला होता आणि निर्णय काही झाला नव्हता.

प्रथम नियमांचे सांगतो, कारण त्यांवाचून बाकी सर्व चर्चा व्यर्थ आहे. सिंगापुरात पाऊल ठेवण्यास भारतीय नागरिकास एरव्ही तेथील व्हिसा लागतो. परंतु ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एखाद्या देशाचा चालू व्हिसा असून, पुढील प्रवासाचे निश्चित तिकीट जवळ असेल, तर तिसऱ्या देशास जाता-येता ९६ तासांपर्यंत वेगळ्या व्हिसावाचून त्या बेटावर राहता येते. यांतही पोटनियम आहेत, ते दर वर्षी पाहून घ्यावेत. आणि अखेरचा शब्द खिडकीपलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याचा असतो, हे विसरू नये. जो विमानतळाच्या आतच राहणार त्यास काही करावयाचे नाही. जो बाहेर पडणार त्याने आगमनाची पत्रिका आधीच्या तीन दिवसांत संगणकावरून भरून ठेवावी. तिला पैसे पडत नाहीत. तेव्हा ती भरून देण्याचे पैसे मागणारा कोणी भेटला तर त्यास दुरूनच नमस्कार करावा. सामानाचे असे की, दोन्ही विमानांचे तिकीट एकच असेल तर मोठ्या पेट्या बहुधा परस्पर पुढे जातात. तिकिटे निरनिराळी असतील तर पेट्या स्वतःच ताब्यात घ्याव्या लागतात व बाहेर पडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मुंबईस पेट्या देतानाच हे विचारून घ्यावे. औषधे मात्र कोणत्याही परिस्थितीत हातातल्या पिशवीतच असावीत.

आता वेळेचे त्रैराशिक. नऊ तास म्हणजे नऊ तास नव्हेत. विमानातून उतरून, लांबलचक ओसऱ्या तुडवून, पारपत्राच्या रांगेतून बाहेर येईपर्यंत एक तास सहज जातो. परतल्यावर पुन्हा तीच रांग, पुन्हा तपासणी. जावई म्हणाले, विमान सुटण्यापूर्वी दोन तास आत आले म्हणजे पुरे. आम्ही चाळीस वर्षे मुलांस परीक्षेच्या अर्धा तास आधी शाळेत बोलावीत आलो. आम्ही तीन तास धरले. शिवाय रस्त्यात काही घोटाळा झाला तर हाताशी असावा म्हणून आणखी अर्धा तास. बारापासून सवाचारपर्यंत, असे जेमतेम सवाचार तास उरले.

एवढ्या वेळात विमानतळावर करमत नाही असे म्हणणाऱ्याने चांगी पाहिलेले नाही. आत फुलपाखरांची बाग आहे, रंगीत माशांची तळी आहेत, फुकट सिनेमा दाखविणारे नाट्यगृह आहे, आणि पाय चेपून देणारी यंत्रेही आहेत. त्यांचा उपयोग आम्ही एकदाच केला, पुन्हा करणार नाही. २०१९ साली येथे काचेच्या विशाल घुमटाखाली चाळीस मीटर उंचीचा धबधबा बांधला आहे. इमारतीच्या आत असलेल्या धबधब्यांत तो जगात सर्वांत उंच म्हणतात. तो पारपत्राच्या चौकीबाहेर आहे; पण एका इमारतीतून दुसरीत नेणारी छोटी आगगाडी त्याच्या जवळूनच जाते, त्यामुळे बाहेर न पडणाऱ्यासही त्याचे दर्शन घडते. ज्यांस साडेपाच तासांहून अधिक अवधी आहे आणि ज्यांस बाहेर पडण्याचा अधिकार आहे, अशा उतारूंस विमानतळाच्या वतीने मोटारीतून शहर दाखविण्याची विनामूल्य सोयही आहे. पाय दुखणाऱ्या व इंग्रजी बोलण्यास बिचकणाऱ्या वडीलधाऱ्यांस ती उत्तम. आमचे ठिकाण मात्र त्या फेऱ्यांत बसणारे नव्हते.

ते ठिकाण म्हणजे क्रांजी. बेटाच्या उत्तर टोकास, जोहोरच्या सामुद्रधुनीकडे तोंड करून असलेल्या टेकडीवर, दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांचे तेथे स्मारक आहे. आमच्या वडिलांचे थोरले बंधू १९४१ साली फौजेच्या रसदखात्यात कारकून म्हणून भरती होऊन मलायात गेले. वय बावीस. वाईच्या घरी त्यांचे शेवटचे कार्ड १९४२ च्या जानेवारीत लिहिलेले आले. त्यात प्रकृती उत्तम असल्याचे आणि धाकट्याने गणिताकडे लक्ष द्यावे, असे होते. धाकटा म्हणजे आमचे वडील. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी जनरल पर्सिव्हल यांनी बुकित तिमा येथील फोर्ड मोटारीच्या कारखान्यात जपान्यांपुढे शरणागती पत्करली. १७ तारखेस फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे पंचेचाळीस हजार हिंदी सैनिकांस गोऱ्या सैन्यापासून वेगळे काढून जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांतील कित्येक पुढे आझाद हिंद सेनेत गेले, कित्येक बंदिवासातच राहिले, आणि कित्येकांस मजुरीसाठी न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर नेण्यात आले. काका यांपैकी कोठे होते, हे घरी कोणास कधीच कळले नाही.

धर्मशास्त्रात अशा प्रसंगाची तरतूद आहे. देशांतरी गेलेल्या आणि बारा वर्षे ज्याची वार्ता नाही अशा पुरुषाची पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करावे व पुढील विधी करावेत. बारा वर्षे १९५४ साली भरली. उपाध्ये घरी येऊन बसले, तेव्हा आमच्या आजीने त्यांस दूध-केळे दिले आणि सांगितले, ‘माझा मुलगा पानांचा नाही.’ तो विषय तेथेच संपला. भाद्रपदातील महालयाच्या दिवशी, पितरांच्या नामोच्चारात ‘पितृव्य’ हा शब्द आला की आमचे वडील खाली पाहत उपाध्यांस ‘पुढे चला’ म्हणत. आजी १९७४ साली गेली. वडिलांनी तिचा शब्द पाळला, आणि वडिलांच्या पश्चात आम्हीही ‘पुढे चला’ म्हणत आलो. ऐंशी वर्षे झाली. या गृहस्थास घरात कोणी जिवंत मानीत नव्हते आणि मृतही म्हणत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने युद्धात कामी आलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मंडळाच्या संकेतस्थळावर शोध केला. आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत एक उलटापालट करून पाहताच नोंद सापडली. वडिलांचे नाव, गाव वाई, जिल्हा सातारा, पथक, १९४३ सालातील एक तारीख, आणि क्रांजीच्या स्मारकावरील रकान्याचा क्रमांक, एवढा मजकूर. थडगे नाही, रक्षा नाही. फक्त दगडावर नाव. ज्या चोवीस हजारांहून अधिक सैनिकांची अखेरची जागा ठाऊक नाही, त्यांच्या नावांत हे एक.

तेव्हा वाचकांच्या ध्यानात आले असेल की, आमचा प्रश्न शहर पाहण्याचा नव्हता. आणि खरे सांगावयाचे तर आमचे मन बाहेर पडण्यास तयार नव्हते. कारणे आम्ही एकाहून एक सरस शोधून काढली. आगगाडीने जावे तर चांगीहून तनाह मेरा, तेथून सिटी हॉल, तेथे गाडी बदलून उत्तरेकडे क्रांजी, आणि मग पायी काही अंतर. एका बाजूसच पावणेदोन तासांच्या वर. सवाचार तासांत हा मेळ बसत नाही. टॅक्सीने वेळ निम्म्याहून कमी लागे, पण परगावचे भाडे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास जड. सौभाग्यवतींचा गुडघा पायऱ्या चढू देत नाही. दुपारचा पाऊस तेथे केव्हा येईल याचा नेम नाही. आणि सर्वांवर कडी म्हणजे विमान चुकले तर तिकडे मुलगी एकटी.

माशांच्या तळ्याकाठी बसून आम्ही हे सारे पुन्हा एकवार सौभाग्यवतींपुढे मांडले. वर आणखी एक मुद्दा जोडला. ज्या भूमीवर आपण बसलो आहोत तिलाही इतिहास आहे. १९४३-४४ साली जपान्यांनी युद्धकैद्यांकडून याच चांगीत विमानांची धावपट्टी बांधवून घेतली. पुढे तेथे ब्रिटिशांचा तळ झाला, आणि १९८१ साली त्या जागेवर व समुद्र भरून काढलेल्या जमिनीवर हा विमानतळ उघडला. ज्यास कैद्यांचे स्मरण करावयाचे आहे त्यास येथेही करता येईल. हा मुद्दा आम्हांस बिनतोड वाटला होता.

त्या काही वेळ माशांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, भाडे किती होईल, गुडघा कसा आहे, हे सगळे ठीक. पण तुम्हांला जायचे नाही ते निराळ्याच कारणाने. दगडावरचे नाव डोळ्यांनी वाचले की आजींचे म्हणणे मोडेल, असे तुम्हांला वाटते.”

आम्ही काही बोललो नाही.

“आजी गेल्या त्याला पन्नास वर्षे झाली. त्यांनी मुलाची वाट पाहिली, ती त्यांची. तुमच्यामागे आपल्या घरात हे नाव कोण घेणार आहे? मुलाला तर त्यांचे नावही ठाऊक नव्हते, पुतण्याने सांगितले तेव्हा कळले.” असे म्हणून त्यांनी हातातल्या पिशवीतून पूजेतली लहानशी पितळी डबी काढून आमच्या हाती दिली. उघडून पाहतो तो आत काळे तीळ. त्यांनी मुंबईस निघण्यापूर्वीच ते भरून घेतले होते. महिनाभर चाललेला खल एकट्या आमचाच होता, हे आम्हांस तेव्हा उमगले.

चौकीवरील तरुण अधिकाऱ्याने व्हिसा पाहिला, सायंकाळचे तिकीट पाहिले, बोटांचे ठसे घेतले आणि सोडले. बाहेर टॅक्सीच्या रांगेत फार थांबावे लागले नाही. रस्ता रुंद, दुतर्फा पर्जन्यवृक्षांची छत्रे, कोठे कागदाचा कपटा नाही. सिंह आणि पुर या दोन संस्कृत शब्दांनी ज्याचे नाव बनले ते हे नगर आहे, हे खिडकीतून पाहताना एरव्ही आम्ही सौभाग्यवतींस विस्ताराने सांगितले असते. त्या दिवशी सांगितले नाही. पाऊण तासाच्या आतच क्रांजी आले. चालक वयस्क चिनी गृहस्थ होता. थांबतो म्हणाला, आणि मीटर चालू ठेवून सावलीत गाडी लावून वर्तमानपत्र उघडून बसला.

युद्धापूर्वी येथे लष्करी छावणी होती. जपान्यांनी येथे कैद्यांचा तळ केला. कैद्यांनीच आपल्या मृत सोबत्यांसाठी थोड्या जागेत दफनभूमी सुरू केली होती, ती युद्धानंतर वाढवून सध्याचे स्वरूप देण्यात आले. टेकडीच्या उतारावर पांढऱ्या शिळांच्या रांगा आहेत. शिखरावर विमानाच्या पंखांसारखे सपाट छप्पर, त्याच्या मध्यातून वर गेलेला मनोरा, आणि छपराखाली नावांनी भरलेल्या भिंती. १९५७ च्या मार्चमध्ये याचे उद्घाटन झाले. जवळच आणखी एक लहान स्मारक आहे, ते आम्हांस आधी ठाऊक नव्हते. ज्या सुमारे आठशे सैनिकांस त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी देण्यात आला, त्यांची नावे तेथे आहेत. बहुतेक आपल्या हिंदी फौजेतले. म्हणजे त्या धामधुमीतही कोणीतरी कोणासाठी सरण रचले होते. काकांचे नाव त्यांत नाही, हे आम्ही दोनदा पाहून घेतले.

पायऱ्या चढावयास आम्हांस वीस मिनिटे लागली. सौभाग्यवती दर पाच पायऱ्यांस थांबत आणि ‘चला’ म्हणत. वर आल्यावर रकाना सापडण्यास वेळ लागला नाही. पथकाचे नाव, हुद्दा, मग वर्णानुक्रमाने माणसे. वरखाली शिखांची नावे, मद्रासकडची नावे, पठाणांची नावे, आणि त्यांच्यामध्ये आमच्या घरातले, एका अक्षराने चुकलेले. आम्ही मोठ्याने वाचले. या नावाने घरात कोणी कोणास हाक मारलेली आम्ही जन्मात ऐकली नव्हती.

आम्ही जानवे अपसव्य केले. दक्षिणेकडे तोंड करून, भिंतीपासून दूर, हिरवळीच्या कडेस उभे राहिलो. पाणी विमानात मिळालेल्या बाटलीतले. थोड्या अंतरावर एक माळी यंत्राने गवत कापीत होता. आम्हांस उभे राहिलेले पाहून त्याने यंत्र बंद केले आणि टोपी काढून हातात धरली. गोत्र, मग ‘पितृव्य’, मग नाव. आम्ही आयुष्यभर मुलांस उच्चार शिकविले, पण येथे दुसऱ्या अंजलीस शब्द घशात अडकला, तेव्हा सौभाग्यवतींनी मागून तो पुरा केला. डबीतले तीळ सारे संपविले. ऑस्ट्रेलियात बी-बियाणे नेण्याविषयीचे नियम कडक आहेत, सापडले तर दंड होतो, हे जावयांनी चार वेळा बजावले होते.

खाली येईतो पावसाची एक सर आली आणि गेली. पावणेतीनला आम्ही पुन्हा विमानतळावर होतो. हिशेबातला वेळ पुष्कळ उरला. तो फुलपाखरांच्या बागेत गेला, आणि सौभाग्यवतींनी धबधबा छोट्या गाडीतून दोनदा पाहिला. मुलीस दूरध्वनी करून सर्व सांगितले. तिने विचारले, “नाव मोठ्या अक्षरांत आहे का बारीक?” बारीक आहे, पण दगडात खोल कोरलेले आहे, असे आम्ही सांगितले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेलबर्नला विमान उतरण्यापूर्वी जाहीरनाम्याचा कागद हाती आला. धान्य, बी-बियाणे, वनस्पती काही जवळ आहे काय, या प्रश्नापुढे आम्ही ‘नाही’ या चौकटीत खूण केली, आणि सौभाग्यवतींनी डबी उघडून, पालथी करून, एकदा हातावर ठोकून पाहिली.